वरची माती खाली, खालची माती वर

मातीवर काम करणाऱ्यांकडे किस्से फार जमतात, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. ऑटोक्लेव्ह. म्हणजे आमच्या लॅबमधला तो मोठा प्रेशर कुकर, ज्यात काचेची भांडी वाफेवर निर्जंतुक करतात. एकदा बंद केला की पूर्ण थंड होईपर्यंत तो उघडता येत नाही. तोपर्यंत हातात काही कामच नसतं. मग चहा येतो, स्टुलं सरकतात आणि कोणीतरी विषय काढतं, तो धुक्यातला दिवस आठवतो का? कुकर थंड होतो, चहाही थंड होतो, किस्सा मात्र अर्धाच झालेला असतो.

आम्ही तिघं. सोहोनी सर, आमच्या कल्याणच्या कॉलेजात तीस वर्षं मायक्रोबायॉलॉजी शिकवणारे. दत्तारामभाऊ, लॅब अटेंडंट, मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला ठाण्यात खोपटला. आणि मी, वैशाली, डोंबिवलीची. पीएचडीला नाव घातलं तेव्हा छत्तीस वर्षांची होते. ज्या डोंगरावर आम्ही माती काढायला जायचो त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर रविवारी तिथे गर्दी व्हायची.

०००

विषय ठरला तोच एक किस्सा आहे.

मला काही सुचत नव्हतं. सरांनी विचारलं, तुला काय करायला आवडेल? मी खरं ते सांगून टाकलं, की या खोलीच्या बाहेर नेईल असं काहीही. बारा वर्षं मी बी.एस्सी.ची प्रॅक्टिकलं घेत होते आणि बारा वर्षं माती म्हणजे गेटजवळच्या कुंडीतली माती.

सर उठून खिडकीशी गेले. आमची लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे. पावसाळा सरला, हवा स्वच्छ झाली की आंबिवलीच्याही पार पलीकडे एक डोंगर दिसतो. निळसर. सकाळी असतो, दुपारी नसतो. सर बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, की तीस वर्षं हा डोंगर बघतोय, पण पायथ्याच्या मातीत जे राहतात तेच माथ्यावरच्या मातीतही राहतात का, हे एकदाही मनात आलं नाही. वर गारवा जास्त, ओल वेगळी, झाडं वेगळी. मग राहणारेही वेगळे असतील की.

रविवारी बूट घालून ये, एवढंच बोलले. मी हौसेने ट्रेकिंगचे बूट घेतले. सर आले ते ऑफिसच्या काळ्या बुटांत, चकाचक पॉलिश केलेल्या. मी पायांकडे बघतेय हे त्यांनी ओळखलं.

"पहिल्यांदाच भेटायला चाललोय ना," ते म्हणाले.

०००

डोंगराचे आम्ही पाच टप्पे केले. पहिला टप्पा पायथ्याचं शेत, पाचवा माथा. प्रत्येक टप्प्यावर वीतभर खोल जायचं, स्पिरिटच्या ज्योतीवर तापवून घेतलेल्या चमच्याने माती काढायची, पिशवी बंद करायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची.

पायथ्याच्या शेतात आम्ही उकिडवे बसून हे करत होतो, तर बांधावर एक बाई येऊन उभी. साठीची, हिरवं लुगडं, हातात विळा. त्या हिराबाई. आगरी घरातल्या, शेत त्यांचंच. घर म्हणाल तर मागे दोन मजली बंगला, बाहेर गाडी. रस्त्याकडची जमीन गेल्यावर बांधलेला. पण त्यांचा सगळा दिवस या उरलेल्या शेतात जायचा.

बिल्डरची माणसं का, असं त्यांनी विचारलं. अलीकडे जो येतो तो माती तपासायलाच येतो, आणि मग तिथे पिलर उभे राहतात. सर घाईने उठले, चमचा मागे लपवला आणि त्यांनी वर्गातल्यासारखं समजावायला घेतलं. की आम्ही बिल्डरचे नाही, कॉलेजचे. की या एका चमचाभर मातीत इतके जीव राहतात की कल्याण-डोंबिवलीची सगळी माणसं मिळूनही तेवढी भरायची नाहीत. डोळ्यांना दिसत नाहीत, पण शेत चालतं ते त्यांच्यावर. आम्हाला फक्त ते कोण आहेत एवढंच बघायचंय. तुमची परवानगी असेल तर.

हिराबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांची वस्ती पयली का आमची?"

सर म्हणाले, त्यांची. फार फार आधीची.

"मंग मना कशाला इचारता? त्यांनाच इचारा."

आणि सरांनी खरोखर विचारलं. मान खाली घालून क्षणभर थांबले, आणि मगच चमचा मातीत घातला. हिराबाई पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. तेव्हापासून आम्ही गेलो की त्या बरोबर यायच्या, दुसऱ्या टप्प्यापर्यंत. त्यापुढे गुडघे नको म्हणायचे.

०००

दत्तारामभाऊंच्या नाकाची गोष्ट.

एकदा उतरताना बर्फाच्या पेटीचं झाकण नीट बसलं नव्हतं. लॅबमध्ये येऊन उघडतो तर बर्फाचं पाणी झालेलं, आणि त्यात पंधरा पिशव्या तरंगतायत. पिशव्या घट्ट होत्या, माती आत सुरक्षित होती, पण मार्करने लिहिलेली नावं साफ गेलेली. कुठली पायथ्याची, कुठली माथ्याची, काही कळेना. दिवसभराची चढण, सगळं पाण्यात. मी तिथेच स्टुलावर बसले.

दत्तारामभाऊंनी एक पिशवी उघडली, डोळे मिटले आणि वास घेतला. ही शेतातली, म्हणाले. दुसरी उघडली. हिला भिजलेल्या लाकडाचा वास आहे, चौथा टप्पा. अशा पंधराच्या पंधरा. मधेमधे ते थांबायचे आणि खिडकीबाहेर बघायचे, जणू ती जागा परत दिसल्याशिवाय सांगता येत नाही. वास उडू नये म्हणून मी पंखा बंद केला.

सरांनी ते काय सांगतात ते पेन्सिलीने एका कागदावर उतरवलं, कागद पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. मग म्हणाले, दत्ताराम, मला तुमच्या नाकावर पूर्ण विश्वास आहे, पण ते प्रबंधात लिहिता येत नाही. पुढच्या रविवारी आम्ही परत चढलो.

नव्या पिशव्यांशी जुन्या ताडून बघितल्या तेव्हा पाकीट फोडलं. पंधरापैकी तेरा बरोबर. सर मुलासारखे खूश झाले. दत्तारामभाऊ मात्र दिवसभर उतरल्या चेहऱ्याने फिरत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातली एकेक पिशवी त्यांनी अदलाबदल केली होती.

काही महिन्यांनी, बाहेर पाठवलेल्या डीएनएचा रिपोर्ट आला. त्यात दुसरा आणि तिसरा टप्पा एकमेकांत इतके मिसळलेले, की मशीनलाही ते धड वेगळे करता आले नव्हते. मी धावत जाऊन भाऊंना दाखवलं.

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "मशीनला पण तेव्हा सर्दी असेल," म्हणाले.

०००

माथ्यावरच्या मातीने मला पहिल्या वर्षी रडवलेलं.

शेतातली माती पाण्यात पातळ करून, जिवाणूंचं खाद्य घातलेल्या काचेच्या प्लेटवर पसरली की दुसऱ्या दिवशी नुसती जत्रा. पिवळे, पांढरे, चिकट, पसरट ठिपके. जंगलातल्या टप्प्यांवर बुरशी जास्त. आणि माथ्याच्या प्लेटवर काहीच नाही. दोन दिवस झाले, चार झाले, काच कोरी. मी तीनदा केलं. मला वाटलं, माझा हातच चुकतोय. आणि त्याहून वाईट म्हणजे कधीतरी वाटायचं, हात बरोबर असेल, वर खरंच कोणी नसेल. घरी स्वयंपाक करताना तो माथा डोळ्यांपुढे यायचा, वारा वाहतोय आणि खाली मातीत कोणी नाही.

दिवाळीची सुट्टी लागली. मी दत्तारामभाऊंना सांगितलं, त्या प्लेट टाकून द्या. आणि निघून आले.

सुट्टीनंतर सकाळी लॅबचं दार उघडलं. पूर्वेचं ऊन तिरकं टेबलावर आलेलं, आणि त्या उन्हात प्लेट ओळीने मांडून ठेवलेल्या. भाऊंनी टाकल्याच नव्हत्या. जिवाणू वाढवायच्या गरम कपाटातून काढून नुसत्या बाहेर ठेवलेल्या. वर एवढी उष्णता नसते, त्यांना सोसत नसेल, एवढाच त्यांचा विचार.

काचेवर बारीक बारीक ठिपके उठले होते. खडूसारखे पांढरे, राखाडी, एक फिकट गुलाबी. पिठी पेरल्यासारखे कोरडे. झाकण उचललं तर सबंध खोलीला डोंगराचा वास आला. हे मी वाढवून सांगत नाहीये. त्या जातीच्या जिवाणूंमुळेच मातीला तो वास असतो, पुस्तकात आहे, मी दरवर्षी मुलांना शिकवते. पण शिकवणं वेगळं आणि कल्याणात तिसऱ्या मजल्यावर तो वास येणं वेगळं.

सर आले. वाकून एकेक प्लेट बघितली.

"खाली खायला भरपूर, म्हणून धावपळ," ते म्हणाले. "वरच्यांना घाई नसते. घाई आपल्याला होती."

०००

हा घरचा किस्सा, पण मोजायला हरकत नाही.

एका शुक्रवारी लॅबचा डीप फ्रीजर बंद पडला. मेकॅनिक सोमवारी येणार. मी वीस पिशव्या घेऊन डोंबिवलीला घरी आले आणि दारातच सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांना मी पीएचडी करते हे फारसं पटलेलं नव्हतं. या वयात कशाला, असं त्या मला नाही, पण फोनवर नणंदेला सांगायच्या.

त्यांनी फ्रीजर उघडला. आत मटार आणि रविवारसाठी आणलेले बांगडे. बांगड्यांचा डबा उचलला आणि शेजारच्या काकूंकडे ठेवून आल्या. मग विचारलं, यातले वरचे कुठले आणि खालचे कुठले? मी सांगितलं. त्यांनी माथ्याच्या पिशव्या वरच्या बाजूला लावल्या, शेताच्या खाली. तसं करायची गरज नव्हती. मी एकेक पिशवी त्यांच्या हातात देत गेले.

सोमवारी पिशव्या गेल्या. पण तेव्हापासून मी संध्याकाळी घरी आले की चहा देताना सासूबाई विचारायच्या, "तिसऱ्या टप्प्यावरचे कसे आहेत गं?" गावाकडच्या माणसांची चौकशी करावी तसं. आणि मी पण सांगायचे, बरे आहेत.

०००

श्रावणात आम्ही चौथ्या टप्प्यावर होतो. ढग खाली उतरला आणि बघता बघता सगळं पांढरं झालं. हात लांब केला तर बोटं धूसर. आवाजसुद्धा भिजल्यासारखे. पाणी ठिबकत होतं, पण कुठल्या झाडावरून ते कळत नव्हतं. मी आणि दत्तारामभाऊ एकमेकांना हाका मारत पिशव्या भरत होतो. भरून झाल्या, आणि लक्षात आलं की सरांची हाक बराच वेळ आलेली नाही.

मी दोनदा ओरडले. काही नाही. पुढे कडा होता. भाऊंनी मला जागच्या जागी उभं केलं आणि स्वतः जमीन चाचपत पुढे गेले. मला ते दिसेनासे झाले. त्या दोन-तीन मिनिटांत मी काय काय मनात आणलं ते सांगत नाही. सरांची बायको जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते, आणि ते त्याबद्दल आमच्याशी एक अक्षर बोलले नव्हते.

मग भाऊंचा आवाज आला, मॅडम, इकडे. सर एका झाडाच्या मुळांशी पालथे पडलेले. गाल मातीला टेकलेला, चष्मा बाजूला नीट घडी घालून ठेवलेला. भाऊंनी गुडघ्यावर बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. झोपले होते. गाढ.

उठवलं तेव्हा ओशाळले. नुसतं वाकून बघत होतो, म्हणाले, माती गार लागली, बरं वाटलं. घरी काही दिवस झोप लागत नव्हती. मग चष्मा लावत, स्वप्नातच असल्यासारखं, म्हणाले की स्वप्न पडलं होतं. खालून कोणीतरी आपलं सँपल घेत होतं. अगदी हळूच, दुखू न देता.

भाऊंनी त्यांच्या गालावरची माती पुसली नाही. उतरेपर्यंत ती तशीच होती.

०००

आता शेवटचा. हा मी चहाच्या वेळी सांगत नाही.

कोण कुठे राहतं ते कळलं, तेव्हा सरांना पुढचा प्रश्न पडला. माथ्यावरचे तसे आहेत ते मातीमुळे, की जागेमुळे? त्यांना खाली आणलं तर ते खालच्यांसारखे होतील का? मग आम्ही जाळीच्या नायलॉनच्या लहान लहान पिशव्या शिवल्या. दहा पिशव्यांत माथ्याची माती भरून हिराबाईंच्या शेतात पुरल्या. दहांत शेताची माती भरून माथ्यावर पुरल्या. त्यातल्या निम्म्या एका वर्षाने काढायच्या, उरलेल्या दोन वर्षांनी. हिराबाई आम्ही शिवत असताना, पुरत असताना बघत होत्या. सून माहेरून सासरी आणि सासूला तिच्या माहेरी, असं त्या म्हणाल्या, आणि आम्ही सगळे हसलो.

आठ महिन्यांनी मी दुसऱ्या एका कामासाठी तिकडे गेलेले. शेत नव्हतं. म्हणजे जागा होती, पण तिच्यावर पुरुषभर उंच मुरुमाचा भराव, आणि भोवती निळे पत्रे. आमच्या दहा पिशव्या त्याच्या खाली. बंगल्याचं दार बंद होतं. शेजारणीने सांगितलं की हिराबाईंच्या मुलांनी त्यांच्या सह्या घेतल्या, दोन दिवस डंपर चालले. एक फोन करायला हिराबाईंना काय झालं होतं, हेच माझ्या डोक्यात. निम्मा प्रयोग गेला. सरांची निवृत्ती चार महिन्यांवर आलेली. सर एवढंच म्हणाले, की आता ते शेत जे काही उरलंय ते माथ्यावर, आपल्या दहा पिशव्यांत.

वर्ष झालं तेव्हा आम्ही पाच पिशव्या काढायला गेलो. पायवाटेच्या तोंडाशी हिराबाई उभ्या होत्या. आम्ही येणार हे त्यांना कोणी सांगितलं, माहीत नाही. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. त्या मागून चालू लागल्या. दुसरा टप्पा आला, त्या थांबल्या नाहीत. तिसऱ्यावर बसल्या, गुडघे चोळले, उठल्या. दत्तारामभाऊंनी त्यांना हात दिला. चौथ्यावर सरांनी आपली काठी दिली. मी पुढेच होते. मागे वळत नव्हते, पण काठीचा आवाज ऐकत होते.

माथ्यावर हवा इतकी स्वच्छ होती की कल्याणच्या इमारती पांढऱ्या खड्यांसारख्या दिसत होत्या. गवत वाळून पिवळं झालेलं. पुरताना ठोकलेल्या खुंटीपासून आम्ही दोरी लावून जागा मोजल्या आणि भाऊंनी खणायला घेतलं. एक ते पाच निघाल्या. उरलेल्या पाच जागेवर आहेत ना, एवढं चाचपून बघायचं होतं. सहा, सात, आठ, नऊ, दहा. आणि त्याच ओळीत, तेवढंच अंतर सोडून, भाऊंच्या बोटांना आणखी काहीतरी लागलं.

त्यांनी माती बाजूला केली. पिशवीच होती, आमच्याएवढीच. पण नायलॉनची नव्हती. हिरव्या लुगड्याच्या कापडाची, तोंड बारीक टाक्यांनी शिवलेलं.

भाऊ ती उचलायला लागले.

"ती नका काढू," हिराबाई म्हणाल्या. "ती माजी हाय."

वारा गवतातून जात होता. खाली पायथ्याशी निळे पत्रे उन्हात चमकत होते, आणि त्या तिकडे बघत नव्हत्या.

सर गुडघ्यांवर बसले.

"किती खोल पुरलीत?" त्यांनी विचारलं.

"वीतभर. तुमच्यासारकीच."

सरांनी पिशवी होती तशी बसवली. दोन्ही हातांनी माती ओढली, हलकेच दाबली, वर वाळलेलं गवत सारखं केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वैशाली, लिहून घे. माथा. खालची माती. अकरा."